डावऱ्या हाताची नाणी

आमच्या बाजारगल्लीत पारखी म्हटलं की एकच माणूस. त्याचं खरं नाव त्याच्या आईने ठेवलं, तिनेच वापरलं आणि जाताना ती ते बरोबर घेऊन गेली. बाकी सगळ्या जगाला तो पारखीच. मी त्याच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण मला एक गोष्ट सांगता सांगता दुसरीत शिरायची खोड आहे. नातवंडं तर मी घसा खाकरला की पांगतात. तुम्ही जरा सांभाळून घ्या.

मी सायकलवाला. गावच्या शाळेत चार बुकं शिकलो आणि पंक्चर काढायला बसलो, तो नातवंडं होईपर्यंत उठलो नाही. पारखी माझ्या ताईचा धाकटा दीर. माझ्याच वयाचा, त्यामुळे नातं पाव्हण्याचं कमी आणि चहाचं जास्त. त्याचं काम चालायचं माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या नाण्यांच्या पेढीत. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर हिरवं कापड, काटा, भिंग आणि काळ्या दगडाची फरशी. लोक जुनी चांदीची नाणी घेऊन यायचे, काही विकायला, काही विकत घेण्याआधी खात्री करायला. खरं की खोटं, आणि खरं असेल तर काय किमतीचं, हे पारखी सांगायचा आणि पेढीचा मालक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

नाणं हातात आलं की तो आधी त्याच्याकडे बघायचाच नाही. बोटांच्या टोकांवर तोलून धरायचा, नखाने हलकेच टिचकी मारायचा आणि मान कलती करून ऐकायचा. चांदीचा नाद लांबत जातो, विरताना गोड होतो. हिणकस धातूचा नाद ठेच लागल्यासारखा मध्येच बसतो. मग काटा, मग भिंग आणि सगळ्यात शेवटी कड. त्याचं म्हणणं असं की लबाड माणूस राजाचा चेहरा जिवापाड जपून करतो आणि कडेकडे कोण बघतंय म्हणून तिथे आळस करतो. ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते. ती कानशीने घासावी, तर घासल्याची रेघ राहते.

एकदा एकाने नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून गोठ्याच्या उकिरड्यात पुरून ठेवली होती. वर्षभराने उकरून आणली, तर पेढीतली गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून रस्त्यावर. पारखी मात्र हूं की चूं न करता एकेक बघत राहिला आणि म्हणाला, नाणी परवाची आहेत, वास मात्र दोनशे वर्षांचा आहे. दुसऱ्या एक बाई आपल्या सासऱ्यांची नाणी भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासून घेऊन आल्या. खरी होती, दुर्मीळ होती. पण जमवणारे हौशी लोक पैसे मोजतात ते त्या काळवंडलेल्या थरासाठी, चकाकीसाठी नव्हे. बाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या. हा म्हणाला, "तुम्ही यांचं सगळं वय धुऊन टाकलंत हो." आणि मग त्यालाच इतकं वाईट वाटलं की त्याने त्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

पण ही पारख तो शिकला कुठे? पेढीत नाही. घरी शिकला, आणि तेही थोरल्या भावाच्या टेबलाशी.

थोरला भाऊ म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आमचे दाजी. ते ठसे कोरायचे. बिल्ले, पदकं, शिक्के, ज्यावर काही छापून उठवायचं त्याचा पोलादी ठसा ते हाताने उलटा कोरून द्यायचे. डावरे होते. कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड, बाहेरून लाकडी जिना, खिडकीशी त्यांचं टेबल आणि वाकड्या मानेचा दिवा. घरातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी ताईचं नाव कोरलेलं. चमचेसुद्धा सोडले नाहीत. ताई म्हणायची, चोराने माझ्या घरी चोरी केली तर तो मलाच परत आणून देईल.

दोघा भावांचा एक खेळ होता. दाजी एखाद्या जुन्या नाण्याचा ठसा हुबेहूब कोरायचे, चांदीच्या चकतीवर एकच नग पाडायचे आणि तो खऱ्या नाण्यांत मिसळून धाकट्यापुढे ठेवायचे. ओळख म्हणायचे. हा ओळखायचा. सुरुवातीला अख्खा दिवस लागायचा, पुढे पुढे चहा गार व्हायच्या आत. दाजी चिडायचे, शिव्या घालायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नवा ठसा घेऊन बसायचे. खेळ संपला की मात्र ते ठशाच्या तोंडावर छिन्नीचा आडवा घाव घालून तो मारून टाकायचे. तसा ठसा जिवंत ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं, असं ते मानत. घाव घातलेले ते ठसे पुढे ताई दाराला अडण म्हणून वापरायची.

ओळखण्याच्या दोन खुणा पारखीने मला सांगून ठेवल्या होत्या. एक, कोरणी जिथे शिरते तिथे रेघ सुईसारखी आणि जिथे बाहेर निघते तिथे जराशी फुगीर. डावऱ्याच्या रेघा उलट्या बाजूने फुगतात. ही खूण भिंगातून दिसते. दुसरी खूण नुसत्या डोळ्यांनी दिसायची आणि ती फक्त दाजींना दिसत नव्हती. त्यांच्या हातून राजाच्या कानाची पाळी लांब व्हायची. कुठलाही राजा असो, कुठल्याही शतकातला असो. दाजींच्या घराण्यातल्या सगळ्यांचे कान तसेच आहेत, पाळी खाली ओघळल्यासारखी. दाजींच्या हाताला कान म्हणजे तोच ठाऊक. "राजाला परत आपला कान लावलास," असं म्हणून पारखी नाणं परत करायचा.

मग दाजी गेले. गेले म्हणजे काय झालं, तेच तर कोणाला सांगता येईना. नदीपलीकडच्या शहरात एक पदकांचा कारखाना होता, तिथे ते महिना महिना राहून काम करायचे आणि सुटीला होडीने परत यायचे. एका खेपेला नदीला पाणी चढलेलं असताना होडी उलटली. काही माणसं वाचली, काही सापडली, काही सापडलीच नाहीत. नावाडी म्हणाला, चामड्याची पिशवी घेतलेला एक माणूस होता. वाचलेल्यांपैकी एक जण शपथेवर म्हणाला, तसा कोणी नव्हता. कारखान्याच्या मालकाने निरोप पाठवला की दाजी सकाळीच सुटीवर निघाले, पुढचं मला ठाऊक नाही.

बस. एवढ्यावर आमच्या ताईचा संसार लटकला. बाजाराला तर असं काही मिळालं की चघळायला विषय होतो. कोणी त्यांना पलीकडच्या शहरात एका बाईबरोबर पाहिलं, कोणी आणखी लांबच्या गावात. नवा संसार थाटून बसलाय, असं लोक माझ्या दुकानात हवा भरता भरता बोलायचे आणि मी ताईचा भाऊ हे आठवलं की पंप जोरजोरात मारायचे. ताई कोणाला काही बोलली नाही. दाजींचे कपडे कपाटात तसेच, टेबल तसंच. पारखीने लग्न केलं नाही. वहिनीला एकटं कसं टाकायचं, एवढंच म्हणायचा. तो आतल्या खोलीत झोपायचा, ती बाहेरच्या, आणि मध्ये दाजींची रिकामी खुर्ची. अशी कितीतरी वर्षं गेली. केस पांढरे झाले दोघांचेही.

आणि मग एका दुपारी पारखी माझ्या दुकानात आला. मी मडगार्ड सरळ करत होतो. त्याने माझ्या काळ्या तळहातावर एक नाणं ठेवलं. जहाजी नाणं म्हणतात ते. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. सहसा मिळत नाही, मिळालं तर जमवणारे जीव टाकतात. मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "कान बघ."

मी कान बघितला. मग त्याच्या कानाकडे बघितलं. राजाच्या डोक्याला त्याचाच कान होता.

एक व्यापारी सकाळी ते पेढीत घेऊन आला होता. त्याच्याकडे आणखी होती, पण आधी एकाची खात्री करून घ्यायची होती. चांदी खरी होती, वजन बरोबर, नादही लांबणारा. काळवंडवलेलं होतं, पण गंधकाचा उग्र वास अजून धरून होतं, म्हणजे ते काळेपण ताजं. पारखी हळू आवाजात सांगत होता. "चांदी खरी आहे. नाणं खोटं आहे. आणि छाप या वर्षीची आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दाजी खेळातला एकही ठसा जिवंत सोडत नसत. दुसऱ्याच्या हाती देणं तर लांबच. तेव्हा त्यांच्या हातच्या ठशावर आज नाणं पडतंय याचा अर्थ एकच: कोणीतरी कुठेतरी डाव्या हातात कोरणी धरून बसलेलं आहे.

व्यापाऱ्याला त्याने काय सांगितलं, असं मी विचारलं. ठेवून जा म्हणालो, असं तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने असं उत्तर कोणाला दिलं नव्हतं. खरं म्हणावं, तर आपल्या तोंडाने पेढी बुडवायची. खोटं म्हणावं, तर मालक नियमाप्रमाणे पोलिसांना कळवणार, पोलीस व्यापाऱ्याच्या मागे, व्यापारी विकणाऱ्याच्या मागे, आणि त्या साखळीच्या टोकाला खिडकीशी बसलेला म्हातारा भाऊ. म्हणून तो गप्प बसला. मालकाच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली.

त्यानंतर पारखीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. रस्त्याने जाताना तो माणसांचे चेहरे बघेना, कान बघायला लागला. एकदा भाजीबाजारात एका पाठमोऱ्या माणसाच्या मागे तो थेट पलीकडच्या टोकापर्यंत गेला. मी सायकल ढकलत त्याच्या मागे. तो माणूस वळला तर अगदीच परका, हातात कोबीचा गड्डा. "काय पाहिजे?" त्याने विचारलं. पारखीने कोबी केवढ्याला मिळाला असं विचारलं आणि त्या माणसानेही बिचाऱ्याने सांगितलं. मी हसलो. पारखी म्हणाला, घरात त्या खुर्चीकडे पाठ करून मला बसवत नाही. जिना वाजला की जेवता जेवता हात थांबतो. जो कितीक वर्षं मेलेला होता त्याची भीती नव्हती वाटली, आता जिवंत आहे म्हटल्यावर वाटते.

ताईला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. आमचं ठरलं म्हणजे काय, त्याने ठरवलं आणि मी मान हलवली. पण बायकांना कपडे धुवायचे असतात आणि पुरुषांना खिसे रिकामे करायचं भान नसतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबरच घरी गेलो होतो. जिना चढून दार ढकललं, दार नुसतं लोटलेलं. आत दाजींच्या टेबलावरचा वाकड्या मानेचा दिवा लागलेला. इतक्या वर्षांत तो दिवा कोणी लावला नव्हता. त्याच्या उजेडात टेबलाच्या मधोमध जहाजी नाणं, आणि खुर्ची जरा मागे सरकवलेली, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. पारखीने माझं मनगट धरलं. "दादा?" असं तो म्हणाला. इतक्या लहान आवाजात, की तो त्याचा आवाज आहे हे मला पटेना.

आतून ताई स्वयंपाकाच्या ओट्याकडून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "कान लांबवायची खोड अजून गेली नाही त्यांची."

तिला सगळं सांगावंच लागलं. ती उभ्याने ऐकत होती. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. म्हातारपणी माणसाच्या तोंडावर एवढं तेज येतं हे मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. मी तिचा भाऊ. तिच्यासाठी मी बाजाराशी भांडलो होतो की दाजी पळून जाणारे नव्हेत म्हणून. आता ते जिवंत निघाले तर लोकच खरे ठरणार होते. शेवटी पारखीनेच ते बोलून दाखवलं. म्हणाला, "वहिनी, तो असेल, तर याचा अर्थ तो आपल्याला टाकून गेला."

"मला टाकून गेलेला चालेल, भावजी," ताई म्हणाली. "असलेला असू दे."



तेव्हापासून त्या घरात दोघं नव्हे, तिघं राहायला लागले. ताईने दाराला कडी लावणं सोडलं. कपाटातले शर्ट काढून उन्हात घातले, एकाचं तुटलेलं बटण शिवलं. खाली कापडाच्या दुकानात कोणी खोकलं तरी तिचा हात कामावरून उठायचा. मला विचारायची, चष्मा लागला असेल ना रे त्यांना आता? दात असतील का? मी म्हणायचो, असतील, कोरणी धरायला दात लागत नाहीत. ती हसायची. ते हसू ऐकून पारखी आतल्या खोलीत जायचा. दोघंही जिन्याकडे कान लावून बसलेले, आणि जिना कधी दूधवाल्याच्या पायांनी वाजायचा, कधी माझ्या. मी दारात दिसलो की त्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरायचं. मग मी खालूनच हाक मारत वर जायला लागलो.

व्यापारी इकडे घाई करत होता. त्याने आणखी नाणी आणून दिली, पुन्हा आणखी. पारखी ती टेबलावर रांगेने मांडून बसायचा. ठसा जसजसा वापरला जातो तसतशी त्याची धार जाते, त्यामुळे कुठलं नाणं आधी पडलं आणि कुठलं नंतर, हे त्याला लावता येत होतं. त्याला वाटलं, यातून भाऊ कुठवर आलाय, हात कापतो की नाही, डोळे कसे आहेत, काहीतरी कळेल. पत्र वाचावं तसं तो ती रांग वाचत होता.

आणि एका सकाळी तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि विचारलं, "लोखंड गंजतं ते कसं रे?"

आता मला असं कोणी विचारलं की माझा दिवस साजरा होतो. मी तेलाचा डबा खाली ठेवला आणि सुरू झालो. म्हटलं, नुसता वरवरचा लाल थर असेल तर तो काही गंज नव्हे, चिंधीने पुसला की गेला. रोज तेलाचा हात फिरवलेल्या लोखंडाला तर काही होतच नाही, माझी पकड बघ, लग्नाच्या आधीची आहे. पण सायकल ओलीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं तशीच टाकली की गंज आत उतरतो, लोखंडाला खातो, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतो. ते घासून जात नाहीत. असली सायकल माझ्याकडे आली की मी चेहरा न बघता सांगतो, हिचा मालक एकतर परदेशी गेला नाहीतर देवाघरी. आणि मी माझ्याच बोलण्यावर खूश होऊन हसलो.

पारखी हसला नाही. त्याने भिंग आणि दोन नाणी माझ्यापुढे धरली. जहाजाच्या शिडाच्या मागे, जिथे नाणं आरशासारखं सपाट असायला हवं, तिथे बारीक बारीक दाणे उठले होते. घामोळं उठावं तसे. आधी त्याला ती घाण वाटली होती. पण प्रत्येक नाण्यावर दाणे त्याच जागी, तेवढेच. म्हणजे दाणे नाण्याचे नव्हते. ठशात खड्डा असेल तर नाण्यावर दाणा उठतो. ठसा गंजून खाल्लेला होता.

मला हातातली चिंधी खाली ठेवता येईना. कारण दाजींचं मला आठवत होतं. जेवायला उठतानासुद्धा ते ठसा तेलाने पुसून फडक्यात गुंडाळून ठेवायचे. अरे, ताईच्या लग्नाला नवरदेव उशिरा पोचला होता. आमचे वडील लालबुंद, मांडवात कुजबुज, आणि हे महाशय आले ते बोटांना तेलाचा वास घेऊन. काय झालं म्हटलं तर म्हणाले, ठसा उघडा राहिला होता, परत गेलो. असा माणूस आपल्या ठशाला गंज चढू देईल? ज्याने आज त्या ठशावर नाणी पाडली तो कोणी दुसराच होता. त्याला ठसा सापडला होता, आणि सापडला तोवर त्या ठशाकडे वर्षानुवर्षं कोणी बघितलंच नव्हतं.

"मग घाव का घातला नाही त्यांनी?" मी विचारलं.

"काम अर्धं राहिलं असेल. सुटीवरून परत येऊन करणार असेल," पारखी म्हणाला. "पळून जाणारा माणूस ठसे मारून तरी जातो, नाहीतर घेऊन तरी जातो. हे तो ठेवून गेला."

ताईला कसं सांगायचं यावर तो कितीतरी वेळ बोलला. न सांगितलं तर काय बिघडेल, असंही मी म्हणून पाहिलं. तिच्या दाराला कडी नाही, शर्ट इस्त्री केलेले आहेत, राहू दे तिला तशीच. तो म्हणाला, न सांगणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. सांगताना तूही बरोबर ये, असंही म्हणाला.

दुपारची वेळ होती. ऊन खिडकीतून थेट दाजींच्या टेबलावर पडलेलं. त्याने नाणी रांगेने मांडली आणि काही बोलेना. ताईने त्याच्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग तिने आपणहून एक नाणं उचललं, राजाचा कान अंगठ्याने चाचपला, तो तिचा रोजचा चाळाच झाला होता. नाणं उलटं केलं. अंगठा जहाजावरून फिरला आणि थांबला. दुसरं उचललं. तिसरं उचललं.

"हे खरखरीत का लागतंय?" तिने विचारलं.

पारखीने सांगितलं. गंजाचं सांगितलं, खड्ड्यांचं आणि दाण्यांचं सांगितलं. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, शांतपणे, क्रमाने. बोलताना तो नाण्यांकडेच बघत होता.

ताई बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तेल कोणी लावलंच नाही."

"नाही."

"केव्हापासून?"

मला वाटलं, आता तरी हा सांगता येत नाही म्हणेल. पण त्याच्या जिभेला ते वळणच नव्हतं. "तेव्हापासून, वहिनी," तो म्हणाला.

ती खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर मी तिला कधी बसलेली बघितली नव्हती. खालून कापडाच्या दुकानातलं बोलणं वर येत होतं, कोणीतरी अस्तराचा भाव विचारत होतं. ती रडली नाही असं मी म्हणणार नाही. पण फार वेळ नाही रडली. ऊन टेबलावरून सरकलं तेव्हा ती म्हणाली की उद्या पेढीत जाऊन काय ते सांगून टाका, मालक बिचारा खोळंबलाय. पारखीने आठवण करून दिली की खोटं म्हटलं की पोलिसांना कळवतात, शोध सुरू होतो.

"होऊ दे की," ताई म्हणाली. "आता कोणाला धरतील?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. पारखीबरोबर पेढीत गेलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो. मालक होता, व्यापारीही वेळेवर हजर. पारखीने सगळी नाणी हिरव्या कापडावर मांडली आणि म्हणाला, खोटी. सगळी. चांदी चांगली आहे, वितळवून तिचा भाव घ्या. कान दाखवला, उलट्या रेघा दाखवल्या, गंधकाचा वास घ्यायला लावला, दाणे दाखवले. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. पोलिसांचं नाव निघाल्यावर तो घडाघडा बोलायला लागला. नदीपलीकडे एक बंद पडलेला पदकांचा कारखाना होता. म्हाताऱ्या मालकामागे त्याच्या भाच्याने सामान भंगारात काढायचं ठरवलं, तर मागच्या ओलसर खोलीत एक कुलूपबंद कपाट निघालं. त्यात ठशांची जोडी होती, फडक्यात गुंडाळलेली. भाच्याने विचार केला, चांदी आणून नाणी पाडून तरी बघू.

मी पारखीकडे बघितलं. फडक्याचं ऐकताना त्याची मान जराशी कलती झाली होती, नाद ऐकताना व्हायची तशी.

मालक भिंगातून अजून ते नाणं बघत होता. म्हणाला, लबाडी असली तरी काय काम आहे. असा हात मी जन्मात पाहिला नाही. हा कोणाचा हात, तुम्हाला कळलेलं दिसतंय.

"माझ्या थोरल्या भावाचा," पारखी म्हणाला.

मालक चपापला. पेढी त्याने दाजी गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतलेली, त्याला काही ठाऊक नव्हतं. अदबीने विचारलं, "कुठे असतात ते?"

पारखीने हिरव्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला शेकडो जणांनी विचारला असेल आणि त्याने प्रत्येक वेळी विषय बदलला होता. ताईसमोर नाही, माझ्यासमोर नाही, देवासमोरही तो कधी ते बोलला नव्हता.

"तो वारला," पारखी म्हणाला. "नदीत. घरी येत होता."

व्यापाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि ती धरायची कुठे हे न कळून छातीशी धरून उभा राहिला.

बाहेर रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. मी सायकल काढली, तो बरोबर चालायला लागला. माझं दुकान मागे पडलं, मी वळलो नाही. जिन्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "म्हणालो रे एकदाचं."

मी आयुष्यात गप्प बसल्याचे प्रसंग फार थोडे. तेव्हा बसलो. वर दाराची कडी काढल्याचा आवाज झाला आणि ताई दारात आली. आम्ही दोघंच आहोत हे तिला ठाऊक होतं. तिने आमच्या मागे बघितलं नाही.